राखाडी शालीतली बाई

१

भंडाऱ्यात घनश्याम पेंटर म्हटलं, की चाळिशीच्या पुढची माणसं अजून मान डोलावतात. शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत भिंतीवर हार घालून बसलेले आजोबा, आत्या, थोरले काका हे त्याच्या हातचे. घरातलं माणूस गेलं, की लोक मतदार ओळखपत्रावरचा नाहीतर बँकेच्या पासबुकावरचा नखाएवढा फोटो घेऊन त्याच्याकडे यायचे. तो भिंग लावून त्या फोटोवर बारीक चौकटी आखायचा, ताणलेल्या मोठ्या कापडावर तेवढ्याच चौकटी आखायचा, आणि आठ दिवसांत गेलेलं माणूस घरच्यांच्या हातात परत द्यायचा.

डोळे तो सगळ्यात शेवटी करायचा. बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो पडेपर्यंत चेहरा म्हणजे नुसता मुखवटा असतो, ठिपका पडला की माणूस बघायला लागतं. त्या ठिपक्याला घनश्याम 'जीव' म्हणायचा. त्याला ही कला शिकवणाऱ्या लक्ष्मणरावांनी एकच अट घातली होती. जीव टाकायचा तो गेलेल्याच्या डोळ्यात. जित्या माणसाच्या डोळ्यात तो आधीच असतो, त्यावर आपला ब्रश फिरवायचा नाही. फिरवला तर त्या माणसाला भोगावं लागतं.

घनश्यामने चौतीस वर्षं ती अट पाळली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याची बायको शकुबाई म्हणाली होती, "माहं बी काढा ना एखादं." तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मग फ्लेक्स आला. आठ दिवसांत मिळणारा चेहरा चार मिनिटांत छापून मिळायला लागला. घनश्यामने दुकानाचं शटर ओढलं आणि बोर्डावरचं स्वतःचं नाव स्वतःच पांढऱ्याने पुसलं. म्हणून साठीला टेकलेल्या वयात संग्रहालयातून बोलावणं आलं, महिनाभर प्रदर्शनाच्या दालनात थांबायचं आहे, चित्रांची समज असलेला माणूस हवा, तेव्हा तो धुतलेला सदरा घालून दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

२

ते संग्रहालय म्हणजे मूळचं धानाचं गोदाम. जाड दगडी भिंती, लांबलचक दालन, शहाबादी फरशी आणि पश्चिमेच्या भिंतीत उंचावर तीन झरोके. प्रत्येक झरोक्यात दोन-दोन लोखंडी गज. दारावरच्या दगडात सन कोरलेलं होतं, १९३१. एरवी तिथे पितळेची जुनी भांडी, तलावातून निघालेल्या मूर्ती आणि मापं ठेवलेली असायची. ती सगळी मागच्या खोलीत हलवली होती.

येणारी चित्रं होती एतियेन मोर्व्हां या फ्रेंच चित्रकाराची. माणूस १८८९ साली पॅरिसमध्ये वारला. आयुष्यभर त्याने फक्त चेहरे रंगवले आणि त्या चेहऱ्यांसाठी जग त्याला ओळखतं. एका संस्थेने त्याची चौदा अस्सल चित्रं लहान शहरांतून फिरवायचं ठरवलं होतं. नागपूर झालं, आता भंडारा, पुढे रायपूर. चित्रांसोबत गुंजन नावाची तिशीतली मुलगी आली होती. जुन्या चित्रांची निगा राखणं हे तिचं काम.

"काका, हात तर नाहीच लावायचा," तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "पण श्वाससुद्धा जरा लांबून घ्यायचा."

पेट्या उघडल्या आणि एकेक चित्र भिंतीवर चढायला लागलं, तेव्हा घनश्याम खरोखरच श्वास घ्यायचा विसरला. पाव विकणारी बाई. देवीचे वण असलेली मुलगी. एका डोळ्याचा सैनिक. जवळून बघावं तर नुसते रंगाचे गोळे, चिखल थापल्यासारखे. तीन पावलं मागे सरकावं तर त्या चिखलातून माणूस उठून बसायचं. त्याची स्वतःची चित्रं दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत असत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं.

शेवटचं, चौदावं चित्र दालनाच्या पूर्वेच्या टोकाला, कोनाड्यात लावलं होतं. राखाडी शाल पांघरलेली एक मध्यमवयीन बाई, हात मांडीवर, नजर सरळ समोर. खाली पाटी होती: 'राखाडी शालीतली स्त्री. ओळख अज्ञात. अपूर्ण. चित्रकाराच्या मृत्यूच्या वेळी इझलवर होते.'

"अपूर्ण कुठून?" घनश्यामने विचारलं. "सारं तं झालेलं दिसते."

"तुम्हीच सांगा," गुंजन म्हणाली.

त्याने पाहिलं आणि त्याला कळलं. डोळे तपकिरी, खोल, पण कोरडे. जीव टाकायचा राहिला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप ब्रश धरल्यासारखी जुळली. त्याने हात खिशात घातला.

३

प्रदर्शनाला अशी गर्दी लोटेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. वरठीहून कारखान्याची पाळी संपवून माणसं सायकली दामटत यायची. साकोलीकडच्या एसटीतून बाया उतरायच्या. घनश्यामच्या शेजारच्या रंभाबाईंनी चौदाही चेहरे नीट न्याहाळून निकाल दिला, "हे तं सारे आपलेच लोक आहेत बाप्पा. फक्त गोरे."

गुंजन दोन दिवस थांबून नागपूरला गेली. घनश्यामचा दिवस ठरून गेला. पावणेदहाला कुलूप उघडायचं. किल्ली एकच होती, तीही त्याच्या करदोट्याला. दिवे लावायचे, हवेतल्या ओलाव्याचा आकडा बघून गुंजनला फोनवर सांगायचा. मग प्रत्येक चित्रासमोर क्षणभर उभं राहायचं. हे काही कामात नव्हतं, पण ते केल्याशिवाय त्याला करमेना.

सहाव्या दिवशी सकाळी तो राखाडी शालीतल्या बाईपुढे उभा राहिला आणि त्याच्या हातातला फोन तसाच राहिला.

तिच्या डाव्या डोळ्यात एक ठिपका होता. खसखशीच्या दाण्याएवढा. पांढरा.

झरोक्याचा उजेड पडला असणार, त्याने स्वतःला समजावलं. झरोक्यांना पातळ पांढरा कपडा लावून ऊन चाळून घेतलं होतं, तरी उजेड तो उजेड. त्याने खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरून चित्रावर सावली धरली. बाईचा गाल काळवंडला, शाल काळवंडली. ठिपका तसाच राहिला.

टेबलावर छापील पुस्तिका होती. त्यात हे चित्र पानभर होतं. डोळे कोरडे.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. "काका, आकडा?" गुंजन विचारत होती.

"पन्नास. मॅडम, ते शेवटचं चित्र..."

"काय झालं त्याला?"

किल्ली एकच. ती आपल्याकडे. आपण पेंटर. घरी फळीवर पांढऱ्या रंगाच्या ट्यूब पडलेल्या. हे सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यातून गेलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चांगलं आहे म्हणलं."

फोन ठेवून त्याने आपली बोटं नाकाशी नेऊन हुंगली. साबणाचा वास आला, दुसरा कशाचाच नाही. तरी तो पुन्हा हुंगत राहिला.

४

दुपारी दीड ते अडीच दालन बंद असायचं. घनश्याम कुलूप घालून बाहेरच्या पायरीवर डबा उघडायचा. सातव्या दिवशी पोळीचा घास तोंडात असताना त्याला आतून आवाज आला.

खर्र. खर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा, खर्र.

उंदीर असेल, पारवा असेल, असं दुसऱ्या कोणाला वाटलं असतं. घनश्यामला तसं वाटायची सोय नव्हती. केसांचा ब्रश ताणलेल्या कापडावरून ओढला की जो आवाज होतो तो त्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताखाली ऐकला होता. ब्रश कोरडा पडत आला की आवाज खरखरीत होतो. मग रंग घेण्यापुरता थांबतो. तसाच तो थांबत होता. मधेच डब्याच्या काठावर लाकडी दांडी आपटावी तसं झालं. टक टक.

तो उठला, करदोट्याची किल्ली ओढून कुलूप उघडलं. आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. चौदा चेहरे आपापल्या जागी होते. पण हवेत जवसाच्या तेलाचा, तैलरंग कालवायच्या तेलाचा, वास होता. बाजूच्या वस्तीत कोणीतरी जवसाची चटणी कुटत असेल. पण त्या वासाच्या खाली टर्पेंटाइनचा तिखट वासही होता, आणि टर्पेंटाइन काही कोणी चटणीत घालत नाही.

संग्रहालयाच्या कार्यालयात कुलदीप नावाचा माणूस कॅमेऱ्यांचं बघायचा. घनश्यामने काहीतरी निमित्त काढून दुपारचं चित्रण दाखवायला सांगितलं. कॅमेरा दारावर रोखलेला होता. दीड वाजता घनश्याम बाहेर पडला. त्यानंतर दार हललंसुद्धा नाही.

"काही हरवलं काय, भाऊ?" कुलदीपने विचारलं.

"दुपट्टा," घनश्याम म्हणाला. दुपट्टा त्याच्या खांद्यावरच होता. कुलदीपने तो पाहिला आणि स्क्रीन बंद केली.

आठवडाभरात एका ठिपक्याचे तीन झाले, दोन्ही डोळ्यांत. घनश्यामने आपलं जुनं भिंग घरून आणलं आणि वीतभर अंतरावरून पाहिलं. तीन उजेड, एका ओळीत, उंचावर. प्रत्येक उजेडात दोन काळ्या रेघा, उभ्या.

त्याने मान मागे वळवली. चित्रासमोरच्या भिंतीत तीन झरोके होते. प्रत्येकात दोन गज.

बाकीच्या तेरा चित्रांपुढे तो एकेक करून भिंग घेऊन गेला. त्या सगळ्यांच्या डोळ्यांत एकच उंच खिडकी होती, डावीकडून आलेली. पॅरिसची. मोर्व्हां ज्या खोलीत बसून काढायचा तिथली. तसंच असतं, हे त्याला लक्ष्मणरावांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. डोळा हा आरसा आहे. बसलेल्या माणसाच्या समोर जे असेल तेच त्याच्या डोळ्यात येतं.

म्हणजे ही बाई इथे बसली होती. या गोदामात. गोदाम बांधायच्या बेचाळीस वर्षं आधी मेलेल्या माणसापुढे.

 खोटं कशाला सांगा, भीतीच्या आधी त्याच्या मनात आलं ते हे, की काय हात आहे! खसखशीएवढ्या जागेत तीन झरोके आणि सहा गज. त्यातही मधल्या झरोक्याचा एक गज किंचित वाकलेला आहे, तो वाकलेलाच काढलाय.

५

नंतरचे दिवस घनश्यामने कोणालाही काही सांगितलं नाही. रोज दुपारी तो पायरीवर बसून आवाज ऐकायचा. डबा तसाच राहायचा. कुलूप उघडायला तो आता घाई करीत नसे. एखादा मोठा गवई आत रियाज करतोय आणि आपण दाराशी बसलोय, असं त्याला व्हायचं. अडीचला आत जाऊन तो भिंग डोळ्याला लावायचा, आणि तिच्या डोळ्यात आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त जग असायचं. फरशीच्या रेघा आल्या. डाव्या हाताची भिंत आली.

विसाव्या दिवशी झरोक्यांच्या खाली एक माणूस आलं. बसलेलं. त्याच्या मागे दुसरं, उभं.

उभं असलेलं आपण असणार, घनश्यामने ताडलं. या बाईसमोर दिवसभर उभं राहणारा दुसरा आहे कोण? पण बसलेलं? दोन-तीन फटकाऱ्यांतच होतं ते. डोक्यावरून घेतलेला पदर. एक खांदा सरळ, एक उतरलेला. डावा.

शकुबाई सव्वीस वर्षांची असताना एकोडीला माहेरी धानाच्या रोवणीला गेली होती. चिखलात पाय घसरून शेताच्या बांधावर आपटली, गळपट्टीचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून तिचा डावा खांदा दोन बोटं खाली आहे. गर्दीत पाठमोरीही ती त्यावरून ओळखू यायची.

घनश्यामने भिंग खिशात टाकलं. चौतीस वर्षांत जो जो त्याच्या कापडावर आला तो आधीच गेलेला होता. इथे कोणीतरी जितं माणूस काढत होतं. आणि ते त्याच्या घरचं होतं.

६

"साऱ्या गल्लीतल्या बाया पाहून आल्या," त्या दिवशी संध्याकाळी शकुबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "रंभाबाई तं दोन डाव गेली. पेंटरची बायको तेवढी राहिली."

"गर्दी रायते तिथं. तुह्या गुडघ्यायले जमते का उभं राहणं?"

"बसून पाहीन."

"बसाची सोय नाही." हे तो जरा मोठ्यानेच बोलला.

शकुबाईने सूप खाली ठेवलं. "काहून जी? मले नेवाले लाज वाटते का तुमाले?"

"तसं नाही."

"मंग कसं? तीस वर्षं तुमचे ब्रश धुतले मी. घरात कोणाकोणाची मेलेली माणसं वाळत टाकली. एक शब्द नाही बोलली. आता म्हणलं बाहेरच्या देशातलं एक डाव पाहीन, तं माहा गुडघा पुढं करता!"

  खिडकीतून उतरतीचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की तिच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे, आणि हनुवटीखाली एक बारीकशी खूण आहे, जी त्याने कधी पाहिलीच नव्हती. नवी नव्हती ती. जुनी असावी, लहानपणची. जिल्ह्यातल्या शेकडो मेलेल्या माणसांच्या सुरकुत्या त्याला तोंडपाठ होत्या.

"प्रदर्शन संपू दे," तो म्हणाला. "मंग कुठंतरी जाऊन येऊ."

"संपल्यावर काय भिंती पाहू?" ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

७

शेवटचा दिवस रविवार होता. साडेचारला दालनात आठ-दहा माणसं उरली होती. घनश्याम मनात मिनिटं मोजत होता. पाचला दार लागलं की सुटलो. उद्या सकाळी पेट्या भरल्या जातील, आणि जे काय आहे ते रायपूरच्या वाटेला लागेल.

दाराशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. शकुबाई एकटीच होती. लग्नकार्याला नेसायची ती जांभळी साडी, डोक्यावर पदर.

तो धावत गेला. "घरी चाल."

"आली तं पाहूनच जाईन," ती शांतपणे म्हणाली आणि त्याच्या बाजूने आत गेली.

लोकांसमोर त्याला तिचा हात धरून ओढता येईना. ती पहिल्या चित्रापासून सुरू झाली. पाववाली बाई, सैनिक, देवीचे वण असलेली मुलगी. प्रत्येकापुढे ती थांबायची, एखाद्याकडे पाहुणी गेल्यासारखी. घनश्याम चार हात मागून चालत होता. माणसं एकेक करून निघून गेली. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कोणीतरी मुरमुरे विकत होतं, सगळं नेहमीचं होतं.

चौदाव्या चित्रापर्यंत येता येता तिचा गुडघा भरून आला. भिंतीला लागून घनश्यामचं लाकडी स्टूल होतं. ते तिने ओढून घेतलं आणि त्या बाईच्या समोर, बरोबर समोर, बसली.

"ऊठ," तो म्हणाला. "शकू, ऊठ तिथून."

"थांबा जी. आता कुठं टेकली."

त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो चित्राजवळ गेला, भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. तीन झरोके. खाली स्टुलावर बसलेली शकुबाई, आता दोन-तीन फटकाऱ्यांची नव्हे, पुरती. जांभळ्या साडीचा जांभळा रंगही होता. तिच्या मागे तो उभा असलेला माणूस.

घनश्यामने उजवा हात वर केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं. चित्रातल्या माणसाने हात वर केला नाही, चित्रातली माणसं करत नाहीतच. पण हात वर असतानाच त्याच्या ध्यानात आलं, की आपण तर इथे आहोत. भिंतीशी, चित्राला नाक लावून. शकुबाईच्या मागे आपण नाही.

डोळ्यात कोण दिसतं? जो काढतो तो दिसतो. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने ते स्वतःला सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्याच्या पाठीमागे आवाज सुरू झाला. खर्र. खर्र. दाराआडून नव्हे, सात-आठ हातांवरून. जवसाच्या तेलाचा वास एवढा दाटला की डोळ्यांना पाणी आलं.

"बाजूले व्हा जी," शकुबाई म्हणाली. आवाज हळू होता, देवळात बोलावं तसा. "मधात येऊन राहिले तुमी."

"कोणाच्या मधात?"

"त्यायले दिसून नाही राहिलं."

घनश्याम बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला आणि मान न वळवता त्याने फक्त नजर वळवली. शकुबाई ताठ बसली होती, हात मांडीवर, चेहरा उघडा, समोरच्या बाईकडे बघत. तिला असं बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मागे कोणी नव्हतं, नुसतं रिकामं दालन होतं. पण झरोक्यांतून आलेला पश्चिमेचा फिकट उजेड फरशीवर तीन पट्टे पाडत होता, आणि मधल्या पट्ट्यात दोन सावल्या होत्या. एक बसलेली. एक उभी. उभ्या सावलीचा कोपर हलत होता, छोट्या छोट्या झटक्यांनी. मधेच तो थांबला. सावलीने हात लांबवला आणि अंगठा उभा धरून माप घेतलं.

 घनश्यामला पळावं असं वाटलं नाही. गुडघे टेकावेत असं वाटलं. काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण त्या माणसाला मराठी येत नसणार हे त्याच्या मनात येऊन गेलं.

किती वेळ गेला ते तो आजही सांगू शकत नाही. मग टक टक झालं. पट्ट्यात एकच सावली उरली.

शकुबाईने पदर सारखा केला. "चाला," ती म्हणाली. "झालं."

कुलूप घालून दोघं ऑटोत बसले. गांधी चौक मागे पडल्यावर त्याने विचारलं, "भेव नाही लागला तुले?"

"कायचा भेव?" ती बाहेर बघत होती. "इतकं नीट कोणी पाह्यलंच नव्हतं मले आजवर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते त्याला लागलं.

रात्रभर तो तिच्या श्वासाकडे कान लावून पडला. सकाळी दूध उतू गेलं आणि ती स्वतःवरच करवादली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

८

सोमवारी गुंजन पेट्या घेऊन आली. तेरा चित्रं उतरली, गुंडाळली गेली. चौदावं उतरवून तिने टेबलावर आडवं ठेवलं, कडांवरून हातमोजा फिरवला, चेहऱ्यावरची धूळ टिपायला मऊ कपडा टेकवला आणि लगेच मागे घेतला. कपड्यावर पांढरा डाग होता.

तिने कपडा हुंगला. मग घनश्यामकडे पाहिलं.

"काका, हे ओलं आहे."

त्याने वाकून कपड्यावरचा डाग पाहिला.

"तुम्ही पेंटर आहात ना?" तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही काय केलंत? काका, तुम्हाला कळतंय का, काय केलंत तुम्ही?"

"मी नाही केलं, मॅडम."

"किल्ली तुमच्याजवळ होती!"

"माह्याच जवळ होती." त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. "मी नाही केलं. तुमी एक डाव पाहा. मंग पोलीस बोलवाचे तं बोलवा."

गुंजनने डोक्याला लावायचं दुहेरी भिंग बांधलं, दिवा ओढून जवळ घेतला आणि चित्रावर वाकली. घनश्याम उभा राहिला. बाहेर ट्रकवाला घाई करीत होता, कुलदीप त्याला थांबवत होता. गुंजन वाकलेलीच होती. एकदा तिने हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि न बघता बसली. बऱ्याच वेळाने तिने भिंग कपाळावर सरकवलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"अकरा वर्षं मी याचाच हात शिकतेय," ती म्हणाली. "जगातलं त्याचं प्रत्येक चित्र मी असं पाहिलंय. हा फटकारा तुम्हाला येणार नाही, काका. मलाही येणार नाही. कोणालाच यायचा नाही." तिने दिवा बंद केला.  "हे त्याचंच आहे."

घनश्यामने मान हलवली.

तिने आणखी काही विचारलं नाही. कधी, कसं, कोणी पाहिलं, काहीच नाही. पाटीवरच्या 'अपूर्ण' या शब्दाकडे ती जरा वेळ बघत राहिली, मग पाटीचे दोन स्क्रू काढून तिने ती खिशात टाकली. ओल्या रंगाला कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून तिने पेटीत चारी कोपऱ्यांना उंच ठोकळे लावले. दोघांनी मिळून चित्र आत उतरवलं. राखाडी शालीतली बाई छताकडे बघत होती, आणि बघत होती म्हणजे खरोखरच बघत होती.

झाकण अर्धं आल्यावर गुंजनने ते हाताने अडवलं.

"काका, तिच्या डोळ्यात ती स्टुलावर बसलीय ती बाई कोण?"

 आयुष्यात पहिल्यांदाच घनश्यामला कोणी कुठल्या चित्रातल्या जित्या माणसाचं नाव विचारत होतं.

"माही बायको," तो म्हणाला. "शकुबाई नाव आहे तिचं."